शाबूत कान

स्प्लिट, १४ एप्रिल

याकित्सा,

हाड बसवलं. डॉक्टर म्हणतो झकास बसलंय. त्याच्या बापाचं काय जातंय म्हणायला, चालायचंय मला. आता इथून मला व्यायामाच्या इस्पितळात नेणार आणि जिना चढता येईपर्यंत घरी सोडणार नाहीत. म्हणजे उन्हाळा इथेच गेला म्हणायचा.

फोन करू नकोस. तू तिकडून ओरडतेस, मला इकडे अक्षर ऐकू येत नाही, आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांना मात्र आपल्या घरचं सगळं कळतं. काल माझ्या पोट साफ होण्याची चौकशी अख्ख्या मजल्याने ऐकली. पत्र लिही. शिमे म्हणायचा, माझ्या बायकोचं अक्षर पाद्रीबुवांपेक्षा चांगलं आहे. भाऊ माझा गेला, त्याच्या बायकोचं अक्षर तरी राहिलंय.

किल्ल्या तुझ्याकडे आहेत. गल्ली तेवढी ओलांडायची आहे, कंटाळा करू नकोस. लिंबाला पाणी घाल. यूगो, तो दक्षिणेचा वारा, सुटला की समुद्राकडची खिडकी लावून घे. अंगणात येतील त्या मांजरांना मासळीची डोकी घाल. ती तुझी पिंजरेवाली मंडळी येतील तेव्हा त्यांना हवी ती मांजरं पकडू देत, पिल्लं होऊ नयेत म्हणून त्यांची पोटं कापू देत, मी आडवी येत नाही. पण मर्वाला हात लावायचा नाही. पावाच्या चुऱ्याएवढी होती तेव्हापासून ती माझ्या उशाशी झोपते. तिच्या पोटाला सुरी लागली तर मरेपर्यंत तुझ्या घराचा उंबरठा चढणार नाही, सांगून ठेवते.

शब्द दे.

पेरिना

*

बेटावरून, २० एप्रिल

वन्सं, नमस्कार.

शब्द दिला. मर्वाच्या केसाला धक्का लागणार नाही.

लिंबाला पाणी घातलं. खिडकी लावली. तुमच्या पोटाची चौकशी आता पत्रातच करते: कसं आहे?

याकित्सा

*

बेटावरून, ६ मे

डॉक्टर तिहाना यांना,

या बोटीने सुक्या अंजिरांची परडी आणि तेलाची बाटली पाठवली आहे. तुम्ही लोक सुट्टीचे दिवस सोडून येता, बंद पडलेल्या शाळेच्या बाकांवर वाकून मांजरं निस्तरता, आणि आम्ही साधी कॉफी विचारतो तर म्हणता हात धुतलेले आहेत. म्हणून हे पाठवलं, नाही म्हणायचं नाही.

त्या तिरंगी मांजरीबद्दल लिहायचं आहे. ती माझी आहे असं मी तुम्हाला सांगितलं. ती माझी नाही, माझ्या नणंदेची आहे. ती इस्पितळात आहे आणि मांजरीला हात लावणार नाही असा मी तिला शब्द दिला होता. पिंजरा मी तिच्यासाठी लावला नव्हता, तुतीखाली येणाऱ्या काळ्या बोक्यासाठी लावला होता. आदल्या दिवसापासून तुमच्या सांगण्याप्रमाणे, मांजरं भुकेली राहावीत म्हणून, अंगणातल्या सगळ्या ताटल्या उपड्या ठेवल्या होत्या. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं उचललं तर आत ही बाई सार्डिन खात बसलेली, जशी काही लग्नाच्या पंगतीला आली आहे.

दार उघडून द्यायला हवं होतं. पण गेल्या हिवाळ्यात ती लाकडांच्या खोपीत व्याली, एकही पिल्लू जगलं नाही. लगेच पुन्हा गाभण राहिली, तीही पिल्लं गेली. अंगावर नुसती हाडं उरली होती. हे एक झालं. दुसरंही खरं आहे, ते तुम्हालाच सांगते. तीस-पस्तीस वर्षं आमच्या गल्लीत वन्संच्या शब्दाबाहेर पान हललेलं नाही. वाटलं, एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ दे. त्यात मला मजाही वाटली.

मग तुम्ही कानाला कात्री लावली आणि मी तुमचा हात धरला. तुम्ही म्हणालात, नियम आहे. मी म्हटलं, कापलेला कान ती बोटीतून उतरतानाच बघेल. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. हे उपकार मी विसरणार नाही.

तुमची,
याकित्सा

*

बेटावरून, ८ मे

वन्सं, नमस्कार.

मंडळी आली आणि गेली. पुष्कळ मांजरं झाली. जेट्टीवरचा लंगडा बोका सापडला, पण पाद्रीबुवांचा पिवळा काही केल्या पिंजऱ्यात जाईना; तो पाद्रीबुवांसारखाच, आमंत्रणाशिवाय जेवतो पण दाराजवळच बसतो. ज्यांचं झालं त्यांच्या डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे पुन्हा कुणी त्यांना पकडून टेबलावर घेऊ नये. ते बघून बेपो म्हातारा ओरडला, "माझंही केव्हाच संपलंय, माझा कान का नाही कापत?" त्याच्या बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं, "याचं सुरूच कधी झालं होतं?"

मर्वा मजेत आहे. तुमच्या उशीवरच झोपते. कान शाबूत आहे, येऊन बघा.

याकित्सा

*

स्प्लिट, १३ मे

याकित्साकाकू,

अंजिरं मिळाली. आई म्हणाली, बेटावरची अंजिरं अशी आणखी येणार असतील तर दर आठवड्याला जा.

पण मला झोप लागलेली नाही, म्हणून लिहिते. मी तुमचं ऐकायला नको होतं. कानाचा तो काप आम्ही हौस म्हणून करत नाही. रानटी मांजर बोलत नाही, तिला हात लावता येत नाही, केस वाढले की पोटावरचा टाका दिसतही नाही. पुढच्या डॉक्टरला दिसतो तो फक्त कान. ऑक्टोबरात मी येणार नाही, डॉ. व्येको येतील. शाबूत कान दिसला की ते तिला उगाच पुन्हा उघडतील. ती काही तरुण राहिलेली नाही.

मी व्येकोंना सांगू शकते. पण सांगितलं की गोष्ट इथल्या मंडळीत होईल आणि तुमच्या नणंदबाई स्प्लिटमध्येच आहेत. त्यांना ती तुमच्या तोंडून कळायला हवी. तुम्ही सांगाल या भरवशावर मी गप्प बसते. उन्हाळ्याच्या आत सांगा, काकू.

तिहाना

*

स्प्लिट, १० जून

याकित्सा,

तुझं पत्र इथे गाजलं. बेपोच्या बायकोचं उत्तर मी शेजारच्या खाटेवरच्या दोब्रिलाला वाचून दाखवलं, ती हसता हसता खोकायला लागली आणि परिचारिका धावत आली.

ही दोब्रिला त्रोगीरची. तुझ्याच पंथातली निघाली, त्या पिंजरेवाल्यांच्याच संघात आहे. इस्पितळाच्या मागच्या अंगणात मांजरं आहेत, सगळ्यांचे कान कापलेले. ती कुबडी टेकत जाऊन त्यांना सूपमधलं मांस घालते. मी तिला म्हटलं, माझ्या वहिनीला तुमचं वेड आहे, पण मी नको म्हटलं तर तिने माझ्या मर्वाला हात लावला नाही. मी इथे अडकलेली, तिला कुणी विचारणारं नव्हतं, तरी लावला नाही. दोब्रिला म्हणाली, अशी वहिनी मिळायला नशीब लागतं. मी म्हटलं, नशीब कसलं, मी वळण लावलंय. पण मनात म्हटलं, खरंच लागतं.

हे तुला तोंडावर कधी सांगितलं नसतं. पत्राचा हा एक फायदा.

पेरिना

*

बेटावरून, २८ जुलै

वन्सं, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पाहुणे, उकाडा, आणि पाण्याची बोट दोनदा आली नाही.

तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलंत ते वाचलं. तेवढ्या लायकीची मी नाही. उगाच विनय म्हणून लिहीत नाही. एक गोष्ट सांगायची आहे, पण ती कागदावर उतरत नाही, तुम्ही आलात की समोरासमोर बोलू.

मर्वाच्या अंगावर थोडं मांस चढलंय. लिंबाला फळ धरलंय.

याकित्सा

*

स्प्लिट, १५ सप्टेंबर

याकित्सा,

तुझी ती गोष्ट मी ओळखली. समुद्राकडची काच फुटली असणार. फुटू दे.

आता माझी गोष्ट ऐक. ही मी कुणाला सांगितलेली नाही, शिमेलाही नाही. तू आमच्या घरात यायच्या आधी मी तिसाव्या वर्षी इथे स्प्लिटला महिनाभर होते, सगळे अजून सांगतात ना, पेरिना शिवणकाम शिकायला गेली होती. शिवणकाम नव्हतं. पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. मला विचारलं नाही. आईला विचारलं. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्या बायका खाटेभोवती उभ्या राहून म्हणत होत्या, तुझ्या भल्यासाठीच केलं. लुकाशी ठरलेलं लग्न मीच मोडलं. म्हणून कुणी मांजरीबद्दल "तिच्या भल्यासाठी" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मर्वाला तरी विचारल्याशिवाय कुणी हात लावू नये, एवढंच होतं.

पण उन्हाळाभर मागच्या अंगणातली ती कानकापी मांजरं बघते आहे. गुबगुबीत झाली आहेत, उन्हात पसरतात, कुणी त्यांच्या मागे लागत नाही. मर्वाची मेलेली पिल्लं मीच परातीत भरून नेत होते. माझ्या दुखण्याचा सूड मी त्या मुक्या जिवाच्या पोटावर उगवत होते. लाज वाटली, याकित्सा.

तेव्हा ऑक्टोबरात तिचं करून टाका. दोब्रिलाने डॉ. व्येकोंना निरोप दिला आहे, पहिल्याच दिवशी मर्वाला घेतील. तू शब्द पाळलास म्हणूनच मला हे ठरवता आलं. कुणी माझ्या पाठीमागे केलं असतं तर मी जन्मात तयार झाले नसते.

पेरिना

*

बेटावरून, २४ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचून किती वेळ रडले ते लिहीत नाही. तुम्ही एवढं एकटीने पोटात ठेवलंत आणि मी समोरच्या दारात राहून मला कळलं नाही.

मर्वाचं मात्र राहू द्या. ती आता म्हातारी झाली, या उन्हाळ्यात व्यालीही नाही, कदाचित आता व्यायचीही नाही. उगाच कशाला तिला त्रास? तुम्ही आल्यावर बघू. यूगो सुटलेला असताना असली कामं ठरवू नयेत असं तुम्हीच म्हणता.

याकित्सा

*

स्प्लिट, ३० सप्टेंबर

याकित्सा,

माझ्यापेक्षा तूच हळवी झालीस! कळलं, तुला वाटतंय मी नंतर पस्तावेन. नाही पस्तावणार. यूगो तुझ्या डोक्यात सुटलाय. ठरलं ते ठरलं. व्येकोंची माणसं स्वतः येऊन तिला घरातून नेतील, तू फक्त दार उघड.

पेरिना

*

बेटावरून, १३ ऑक्टोबर

वन्सं,

झालं. कान कापला. फडक्यात गुंडाळून तुमच्या खोलीत चुलीजवळ ठेवली आहे. अजून गुंगीत आहे.

याकित्सा

*

स्प्लिट, २२ ऑक्टोबर

याकित्सा,

बसून वाच. काय झालंय ते तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून मी सांगते. मर्वाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं! व्येकोंनी पोट उघडलं तेव्हा आत काही नव्हतंच. दोब्रिलाने मला सांगितलं आणि मी तिथेच काठी आपटली.

मेमध्ये कोण आलं होतं? ती तिहाना. आपल्या अंगणात पिंजरा लागला, मर्वा आत गेली, त्या पोरीने तुला न विचारता, न सांगता कापली, आणि तुला कळू नये म्हणून कान तसाच ठेवला. चोरी ती चोरी, वर लपवाछपवी. आणि तू भोळी, मला लिहितेस कान शाबूत आहे!

मी काल दोब्रिलाला घेऊन त्यांच्या संघाच्या बैठकीला गेले. टॅक्सीने, काठी टेकत. सगळ्यांसमोर त्या तिहानाला चोर म्हटलं. तुझं मेचं पत्र खणखणीत वाचून दाखवलं. म्हटलं, माझी वहिनी खोटं लिहीत नाही. ती पोरगी खाली मान घालून उभी राहिली आणि म्हणाली, "कान मी कापला नाही, चूक माझी आहे." बाकी एक शब्द नाही. त्यांनी तिला काढून टाकलं. आता बेटावर तिचं तोंड दिसणार नाही.

तुला किती वाईट वाटेल ते मला ठाऊक आहे. स्वतःला दोष देऊ नकोस. मर्वाची जखम कशी आहे ते कळव.

तुझी,
पेरिना

*

स्प्लिट, २९ ऑक्टोबर

याकित्साकाकू,

तुमचा फोन आला होता, मी उचलला नाही. रागावले आहे म्हणून नाही. बोलले असते तर तुम्ही रडला असतात आणि मी म्हणाले असते जाऊ दे. जाऊ दे म्हणायची माझी इच्छा नाही.

मी तिथे तुमचं नाव घेतलं नाही, कारण ते घेणं माझं काम नाही. जखमेला पू असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, औषध बोटीने पाठवते आहे. खात नसेल तर माशाचं पाणी बोटाने चाटवा.

तिहाना

*

बेटावरून, ३१ ऑक्टोबर

वन्सं,

तिहानाने चोरी केली नाही. मी केली.

मेमध्ये मर्वा पिंजऱ्यात सापडली ती मला दिसली. मीच तिला उचलून शाळेत नेली. ही माझी आहे असं सांगितलं. डॉक्टरीणबाई कान कापायला लागल्या तेव्हा मीच त्यांचा हात धरला, कारण तुम्ही कान बघाल याची मला भीती होती. त्यांनी मला बजावलं होतं की शाबूत कानाची मांजर पुन्हा कापली जाते, वन्संना सांगा. मी सांगितलं नाही. तुम्हाला लिहिलं, कान शाबूत आहे. ते खरं होतं, म्हणून मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. इतकी मी शहाणी.

जुलैत सांगणार होते. मग तुमचं सप्टेंबरचं पत्र आलं. ते वाचल्यावर मला कळलं की मी कुठल्या जखमेवर सुरी चालवली आहे. तुमच्या भल्यासाठी तुमच्या आईने जे केलं तेच मी मर्वाच्या भल्यासाठी केलं, तुम्हाला न विचारता. हे तुम्हाला कोणत्या तोंडाने लिहिणार होते?

आता सगळ्यात वाईट ते लिहिते. तुम्हाला वाटतंय, व्येकोंनी मर्वाला घेतलं तेव्हा मी घरी असेन. मी शाळेच्या दारातच उभी होते, हातात दुसऱ्या मांजरीचा पिंजरा धरून. व्येको म्हणाले, ही स्प्लिटच्या शिफारशीची, हिला आधी घेऊ. एक वाक्य बोलायचं होतं, हिचं झालंय. सगळं गाव तिथे होतं, बेपो होता, त्याची बायको होती. मी मूग गिळून उभी राहिले. मनात म्हटलं, पोटावरचे केस काढले की त्यांना जुना टाका दिसेल, ते हसून सोडून देतील, आणि मी नामानिराळी राहीन. त्यांना दिसला नाही. थोड्या वेळाने ते हात पुसत बाहेर आले आणि ओरडले, "हिचं आधीच झालेलं होतं! कान न कापणारं गाढव कोण?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं, वन्सं. जणू काही त्या गाढवाला शोधते आहे.

आणि त्या गाढवाची वकिली तुम्ही काठी टेकत जाऊन केलीत. माझंच पत्र वाचून.

संघाला मी आजच्याच बोटीने वेगळं पत्र पाठवते आहे, त्यात हे सगळं आहे. मर्वाचा टाका चिघळला आहे. उत्तरेचा वारा चार दिवस सुटलाय, बोट आज पहिल्यांदा निघणार म्हणतात, पण तिला या लाटांत पेटीत घालून न्यायची हिंमत होत नाही. रात्रंदिवस तिच्याजवळ आहे. ती माझा हात चाटत नाही, पण हटवतही नाही.

माफी मागत नाही. मागायचा हक्क उरलेला नाही.

याकित्सा

*

बेटावरून, १२ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं.

मर्वा मंगळवारी सकाळी गेली. तुमच्या उशीवर ठेवली होती. शेवटी शेवटी खाणं सोडलं होतं, माशाचं पाणीही. लिंबाच्या झाडाखाली पुरली. बेपोने खड्डा खणला. त्याला मी सगळं सांगितलं, आता गावातही सांगते आहे, कुणी विचारो न विचारो. बेपोने त्यावर काही विनोद केला नाही.

किल्ल्या पाद्रीबुवांकडे ठेवल्या आहेत. तुम्हाला माझ्या दारात यावं लागणार नाही.

याकित्सा

*

स्प्लिट, २० नोव्हेंबर

याकित्सा,

तुझं पहिलं पत्र वाचलं आणि फाडलं. मग दोब्रिलाने ते तुकडे गोळा केले, म्हणाली, नंतर लागतील. दुसरं आलं तेव्हा ते फाडायचं बळ नव्हतं. आठवडा कुणाशी बोलले नाही. इथले डॉक्टर समजले कान पूर्णच गेले.

तू मला मेमध्ये सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? आकाशपाताळ एक केलं असतं. ख्रिसमसपर्यंत तुझ्याशी बोलले नसते. आणि मर्वा माझ्या उशाशी झोपली असती. हे मी तुला माफ करत नाही, आणि केल्याचं नाटकही करणार नाही.

पण मला आणखी एक दिसलं ते लिहिते, नाहीतर मीही तुझ्यासारखीच ठरेन. मी हुकूम दिला आणि कारण पोटात ठेवलं. चौतीस वर्षं समोरासमोर राहून तुला माझा उंबरठ्याचा धाक ठाऊक होता, मी कशाने दुखावते ते ठाऊक नव्हतं. उंबरठा चढणार नाही हे मी कितीदा म्हटलंय? कोंबड्यांवरून म्हटलं, शिमेच्या बोटीच्या रंगावरून म्हटलं, गेल्या वर्षी कॉफीत साखर जास्त झाली म्हणून म्हटलं. दर वेळी दुसऱ्या दिवशी तुझ्याच स्वयंपाकघरात बसले होते. या एका वेळी तू ते खरं मानलंस. मला घाबरलीस. माझ्या भावाची बायको मला इतकी घाबरते की मांजर पुन्हा टेबलावर गेली तरी बोलत नाही, हे वाचून माझीच मान खाली गेली.

आणि त्या पोरीला मी चोर म्हटलं. सगळ्यांसमोर. माझ्या घरचं माणूस खोटं लिहिणार नाही या तोऱ्यात. ती एका वाक्यात सुटली असती, सुटली नाही. तुझं पत्र संघाला मिळालंय, ते तिला परत बोलावताहेत. ती यायला तयार नाही. का यावं तिने?

म्हणून शुक्रवारच्या बोटीने इकडे ये. धक्क्यावर मी असेन, काठी घेऊन. तिथून तिहानाच्या घरी जायचं. तिच्या आईसमोर तू सगळं सांगायचं, मग मी माझं सांगेन. दाराबाहेर उभं ठेवलं तर दाराबाहेर उभ्या राहू. तिने माफ केलं नाही तर परत फिरू, तिचा हक्क आहे. तू रडायला लागलीस तर मी थांबणार नाही, पुढे निघून जाईन, माझ्या चालीने फार लांब जाणार नाही.

त्यानंतर मला घरी ने. जिना चढता येतो आता. किल्ल्या पाद्रीबुवांकडून परत घे, त्यांना माझं कपाट बघायची हौस आहे.

आणि इथून पुढे जे घडेल ते त्याच दिवशी मला सांग. मी ओरडेन, याकित्सा. ओरडू दे.

पेरिना